‘मयत’ लिहून थांबू नका: हृदयविकार आणि कॅन्सरची घरची वंशावळ कशी काढावी

चौतीस वर्षं तलाठी होतो. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, माणसं मात्र तलाठीच म्हणतात. या काळात वारसांच्या नोंदी किती केल्या त्याचा हिशेब नाही. माणूस गेला की नाव, तारीख, वारस कोण कोण, आणि नावापुढे ‘मयत’. कशाने मयत, हे विचारायचं माझं काम नव्हतं. गाव नमुना ६-क मध्ये तो रकानाच नाही. सापाने गेलेला, विहिरीत पडलेला, छातीत कळ येऊन गेलेला, सगळे एकाच शब्दात.

जून २०२१ ला सेवानिवृत्त झालो. ऑक्टोबरात सोयाबीन काढणं चालू असताना धाकट्या भावाला गंजीजवळच दरदरून घाम सुटला. वय ४६. तालुक्यातल्या एका दवाखान्यात गॅस म्हणून सुई टोचली आणि घरी पाठवलं. रात्री नागपूरला नेला तेव्हा कळलं की हार्ट अटॅक आहे. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी मला विचारलं, “घरात कोणाला कमी वयात हार्टचा त्रास होता का?”

मी म्हणालो, “कोणालेच नाही जी.”

अर्ध्या तालुक्याच्या वंशावळी ज्याच्या जिभेवर, त्याने आपल्याच घरची चुकीची सांगितली. मुद्दाम नाही, मला माहीतच नव्हती. पुढच्या तीन महिन्यांत मी ती नीट काढली. मग गावातले लोक आपापली काढून घ्यायला येऊ लागले, जसे पूर्वी जात पडताळणीसाठी येत. आतापर्यंत चाळीसेक काढून झाल्या. ती कशी काढायची, आणि मग रक्ताचा रिपोर्ट तिच्याशेजारी ठेवून कसा वाचायचा, ते इथे लिहितो. मी डॉक्टर नाही. औषधाचं डॉक्टर ठरवतील, पण डॉक्टरपुढे कागद घेऊन जाणं आपल्या हातात आहे.

कोणाकोणाला कागदावर घ्यायचं

साधी दोनशे पानी वही घ्या, आडवी धरा. सगळ्यात वर आजी-आजोबा, खाली त्यांची मुलं, त्याखाली तुम्ही आणि तुमची भावंडं, त्याखाली तुमची पोरं. तीन पिढ्या पुरतात, चौथी मिळाली तर बरंच.

आता तलाठ्याची सवय सोडावी लागते. जमिनीच्या वंशावळीत मुलगी लग्न होऊन गेली की तिची फांदी तिथेच खुडलेली असायची. २००५ ला कायदा बदलला, मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क आला, तरी जुन्या नोंदीत आत्या सापडत नाही. मावशी-मामा तर दुसऱ्याच गावच्या दप्तरात. दुखणं असा भेद करत नाही. आईकडून अर्धं, बापाकडून अर्धं. म्हणून आईची बाजू आणि बापाची बाजू दोन्ही लिहा, आणि आत्या, मावश्या, त्यांची लेकरं एकही सोडू नका. आईबाप, सख्खी भावंडं आणि पोटची पोरं यांच्याशी आपला निम्मा वारसा सारखा असतो. काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा यांच्याशी पाव. चुलत-मावस भावंडांशी आठवा हिस्सा. जितका हिस्सा मोठा, तितकी त्या माणसाची नोंद महत्त्वाची. सुनांची माहेरं विसरू नका. नातवंडांच्या वंशावळीत ती निम्मी आहेत.

नावं लिहू नका, ही माझी स्वतःची युक्ती. पोरीचं लग्न मोडेल या भीतीने अर्धी माणसं बोलत नाहीत, आणि त्यांची भीती खोटी नाही. मी गट नंबरासारखे हिस्से पाडतो. आजोबा १, त्यांची मुलं १/१, १/२, १/३, नातू १/२/१. वही कोणाच्या हाती पडली तरी कळत नाही. फोटो काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. आमच्या एका पुतण्याने टाकला होता, महिनाभर भांडण पुरलं.

प्रत्येकापुढे लिहायचं: जन्माचं साल अंदाजे, जिवंत की मयत, त्रास पहिल्यांदा कोणत्या वयात दिसला, साखर आणि बीपी होतं का, आणि तंबाखू, खर्रा (सुपारी-तंबाखू-चुन्याचा घोटा), बिडी. मरणाचं वय सगळे सांगतात. त्रास सुरू झाल्याचं वय खोदून काढावं लागतं, आणि डॉक्टरला तेच जास्त हवं असतं.

विचारायचं कसं

फोनवर विचारू नका. “काहून, काय झालं?” यातच दहा मिनिटं जातात. तेरवीला सगळे जमतात, पण त्या दिवशी हे विषय काढणं बरं दिसत नाही. मला महालक्ष्म्यांचं जेवण सगळ्यात सोयीचं वाटतं. आत्या माहेरी आलेली असते, आंबील-कढी पोटात गेलेली असते, बाया ओसरीत पाय पसरून बसलेल्या असतात.

माझी आत्या ऐंशीच्या घरात आहे. तिला विचारलं, आजोबा कशाने गेले?

“त्याईले काईच नोयतं झालं. जेऊन-खाऊन ओट्यावर बसले होते, पान लावता लावता मान टाकली. पुण्यवान मानूस, हातरुनावर नाई पडला.”

“आणि काका?”

“त्याले गॅस होता. सोडा पेला न् झोपला, उठलाच नाई. काहून रे बाप्पा, आता कायले उकरतं?”

इथे मी पेन खाली ठेवलं. आमच्या घरात ‘काहीच झालं नव्हतं’ असे दोन जण होते, आणि दोघांनाही एकच झालं होतं.

म्हणून सांगतो, उत्तर जसंच्या तसं त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. अर्थ नंतर लावा. ‘बसल्या जागी गेला’, ‘झोपेतच गेला’, ‘गॅस चढला’, ‘घाम आला न् खलास’ यामागे बहुधा हृदय असतं. ‘लकवा मारला’, ‘एक बाजू गेली’ म्हणजे मेंदूचा झटका. तोही रक्तवाहिन्यांचाच आजार, त्याच रकान्यात धरा. ‘पोटात पाणी झालं’ हे फसवं आहे. दारू पिणारा असेल तर यकृत, पण दारूला न शिवलेल्या बाईच्या पोटात पाणी झालं असेल तर अंडाशयाचा कॅन्सर असू शकतो. ‘अंगावरून जात होतं’ हे पाळी बंद झाल्यावरचं असेल तर गर्भाशय किंवा त्याचं तोंड. ‘छातीला गाठ होती, फुटली’ याला उलगडा लागत नाही. ‘तोंडच उघडत नोयतं’ हा खर्रा. ‘बाहेरचं झालं’, ‘करणी केली’ असं सांगितलं तर वाद घालू नका, फक्त पुढे विचारा: दम लागत होता का? पाय सुजत होते का? किती दिवस आजारी होता?

जुन्या कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल काढून कारण मिळेल असं काहींना वाटतं. मी पाहिलेल्या नकलांत ‘ताप’ हाच शब्द सगळीकडे. तालुक्याला खेटे घालू नका, आत्या जास्त कामाची आहे.

वय कोणाला माहीत नसतं. मग साल विचारू नका, प्रसंग विचारा. चीनच्या लढाईच्या आधी की नंतर? बहात्तरच्या दुष्काळात होते का? इंदिराबाई गेल्या तेव्हा? आत्या म्हणाली, आजोबा चीनच्या लढाईच्या साली गेले, म्हणजे १९६२. वय बावन्नच्या आसपास निघालं. काका मोवाडच्या पुराच्या साली, १९९१. वय ४९.

हे वय काढायचं कारण असं: जवळच्या नात्यातल्या पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टर त्याला ‘लवकरचा’ मानतात, आणि मागे राहिलेल्यांचा धोका वाढलेला धरतात. अठ्ठ्याहत्तरच्या आजोबाला अटॅक आला असेल तर त्यावरून नातवाबद्दल फार काही ठरत नाही.

आता माझा बाप. तो १९७९ ला गेला, वय ४३, पऱ्हाटीत साप चावून. मी त्याच्यापुढे आधी हृदय निरोगी असं लिहिलं होतं. नागपूरच्या त्या डॉक्टरबाईंनी ते खोडलं. म्हणाल्या, तो त्या वयापर्यंत पोचलाच नाही, तर निरोगी कसं म्हणता? खरंच. आजोबाकडून नातवाकडे जे आलं, ते बापातूनच आलं असणार. दिसायला वेळ मिळाला नाही, एवढंच. अपघाताने, सापाने, बाळंतपणात, विष पिऊन कमी वयात गेलेल्यांपुढे ‘माहीत नाही’ लिहा. कोरी जागा म्हणजे चांगली जागा नव्हे.

लिपिड प्रोफाइल हाती घेऊन

वंशावळ झाली की रक्त. तपासणीचं नाव लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीचा हिशेब. उपाशीपोटी पाहिजेच असं नाही. जेवणाने मुख्यतः ट्रायग्लिसराइड (कोलेस्टेरॉलहून वेगळी, रक्तातली चरबी) वर जातं, बाकी आकडे फारसे हलत नाहीत. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आलं तर मात्र उपाशीपोटी पुन्हा करा. तापातून उठल्या उठल्या, ऑपरेशननंतर किंवा गरोदरपणात करू नका, आकडा खरा येत नाही. अटॅकनंतर पहिल्या चोवीस तासांत घेतलेलं रक्त चालतं, त्यानंतर काही आठवडे एलडीएल (वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल) खोटाच कमी दिसतो. भावाचं पहिल्याच रात्री घेतलं होतं, म्हणून बरं.

त्याचा रिपोर्ट असा: एकूण कोलेस्टेरॉल २९८, एचडीएल (चांगलं म्हणतात ते) ३६, ट्रायग्लिसराइड १६०, व्हीएलडीएल ३२, एलडीएल २३०. बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, वजाबाकीने काढतात. ट्रायग्लिसराइडला पाचने भागलं की व्हीएलडीएल, १६० भागिले ५ म्हणजे ३२. मग २९८ मधून ३६ गेले आणि ३२ गेले, उरले २३०. हे फ्रीडवाल्ड यांचं सूत्र, १९७२ पासून चालत आलेलं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते मोडतं. फेरफारातलं क्षेत्र जसं मी जुळवून पाहत असे, तसं हे घरी जुळवून पाहा. एकदा एका रिपोर्टात बेरीज-वजाबाकी जुळत नव्हती; लॅबवाल्याने दुसऱ्याच माणसाचं एचडीएल टाकलं होतं.

अजून एक आकडा स्वतः काढा: एकूण वजा एचडीएल. याला नॉन-एचडीएल म्हणतात. रक्तवाहिनीत जाऊन बसणारे सगळे कण यात येतात, आणि आपल्याकडे ट्रायग्लिसराइड जास्त असणाऱ्यांना एलडीएलपेक्षा हा आकडा जास्त खरं सांगतो. माझं स्वतःचं पाहा. एकूण २१४, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २४०, एलडीएल १२८. एलडीएल पाहून लॅबवाला म्हणाला, “काका, ठीक आहे.” नॉन-एचडीएल निघतो १७६, आणि ते ठीक नाही. पोट सुटलेलं, साखर काठावर, एचडीएल कमी, ट्रायग्लिसराइड जास्त. हा आपल्या लोकांचा नेहमीचा नमुना. यात खुर्चीवर बसून काढलेल्या चौतीस वर्षांचाही वाटा आहे.

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आकडे ठरवून दिले. धोका कमी असलेल्याने एलडीएल १०० च्या आत ठेवावा. धोका जास्त असेल, जसं मधुमेह किंवा बीपी, तर ७० च्या आत. अटॅक येऊन गेलेल्यासारखा फार मोठा धोका असेल तर ५५ च्या आत. नॉन-एचडीएल प्रत्येक वेळी त्यापेक्षा ३० ने जास्त चालतो. रिपोर्टाच्या कडेला छापलेली ‘नॉर्मल रेंज’ सगळ्यांना एकच असते, तिच्यावर जाऊ नका. पहिली तपासणी अठराव्या वर्षी करावी असंही त्यांनी म्हटलं आहे, आणि घरात वारसा असेल तर त्याआधी.

एलडीएल १९० च्या वर दिसला की डॉक्टरपुढे वही उघडायची. थायरॉइड आधी तपासतात, कारण ते मंद असलं तरी एलडीएल चढतो. थायरॉइड बरोबर असेल आणि वंशावळीत लवकर गेलेली माणसं असतील, तर संशय फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमियाचा. लांबलचक नाव आहे, डॉक्टर एफएच म्हणतात. यात यकृतावरचे एलडीएल पकडणारे हात जन्मापासूनच कमी असतात. ते हात, म्हणजे रिसेप्टर, शोधणाऱ्या गोल्डस्टाइन आणि ब्राऊन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. अडीचशे ते तीनशे माणसांत एकाला हा दोष असतो. म्हणजे अडीच हजार वस्तीच्या गावात आठ-दहा जण, आणि त्यांतल्या बहुतेकांना पत्ताही नाही. उपचार न झालेल्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो.

अंगावर खुणा असू शकतात. पापणीवर पिवळसर चट्टे. पंचेचाळिशीच्या आतच बुबुळाभोवती पांढरट कडं. टाचेच्या वरची दोरीसारखी शीर (रक्ताची नव्हे, पोटरीला टाचेशी बांधणारी) जाड, गाठाळ. भावाच्या पापणीवर ते चट्टे सहा वर्षांपासून होते, वहिनी त्यावर हळद-बेसन लावत असे. टाचेची शीर चप्पल घासून जाड झाली असेल असं त्याला वाटायचं. खुणा नसल्या म्हणजे दोष नाही असं मात्र नाही.

वाटणी नव्हे, चिठ्ठी

लोक विचारतात, बापात आहे तर पोरांत थोडं थोडं येईल का? नाही. जमिनीची वाटणी होते तशी याची होत नाही. प्रत्येक लेकरासाठी वेगळी चिठ्ठी उचलली जाते, दोनच चिठ्ठ्या, एक कोरी आणि एक भरलेली. एकाची भरलेली निघाली म्हणून दुसऱ्याची कोरी निघेल असंही नाही.

आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा वारशाचा आजार माहीत असल्याने समजावणं सोपं जातं. तिथे आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच लेकरू आजारी, एकाकडून आला तर फक्त वाहक. एफएचमध्ये ही सवलत नाही, एकाकडून आला तरी पुरे. दोघांकडून आला तर फारच वाईट, लहानपणीच अटॅक येऊ शकतो. म्हणून दोन्ही घरांत लवकरचे अटॅक असतील तर सोयरीक जुळवताना नाही तरी मूल झाल्यावर त्याचं रक्त जरूर तपासा.

एक माणूस सापडला की त्याच्यापासून बाहेर बाहेर जात तपासायचं: आधी भावंडं आणि पोरं, मग चुलते-आत्या, मग त्यांची पोरं. जनुकांची महागडी तपासणी नसेल झेपत तर साधं लिपिड प्रोफाइलही यासाठी चालतं. आमच्याकडे असं निघालं: माझी चिठ्ठी कोरी. भावाच्या मुलीचा एलडीएल ९६, तीही सुटली. सतरा वर्षांच्या मुलाचा २१८. अंगाने काडी, कबड्डी खेळतो, तेलकट खात नाही. त्या काकाचा मुलगा, वय ५१, जिनिंगमध्ये काम करतो, ठणठणीत, एलडीएल २०४. तो आधी म्हणाला, “मले काई होत नाई त मी कायले गोया खाऊ?” मी वही उघडून त्याच्या बापाचं वय दाखवलं. दुसऱ्या दिवशी गेला.

एकदाच करायची एक तपासणी

लायपोप्रोटीन-ए, एलडीएलसारखाच रक्तातला एक कण. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधलेला हा कण जवळपास पूर्ण वारशाने ठरतो, आहाराने-व्यायामाने फारसा हलत नाही. म्हणून जन्मात एकदा मोजला की झालं. ५० मिलिग्रॅमच्या वर धोका वाढतो. काही लॅब नॅनोमोलमध्ये देतात, तिथे १२५ धरा. तालुक्यात होत नाही, रक्त नागपूरला जातं. चिठ्ठीवर नाव नीट लिहून घ्या, कारण अपोलायपोप्रोटीन ए-वन नावाची वेगळीच तपासणी आहे आणि माझी आधी तीच करून आली, पैसे गेले ते गेले. पुन्हा केली तेव्हा ७१ निघाला. कोरी चिठ्ठी निघाली म्हणून मी मिशीला पीळ देत होतो, तो उतरला. हा आकडा कमी करता येत नसेल तर बाकीचे जास्त कडक ठेवायचे, एवढाच त्याचा अर्थ.

तरुण पोरगा पळता पळता पडून गेला असेल तर मात्र नेहमी कोलेस्टेरॉलच समजू नका. हृदयाचा स्नायूच दुबळा किंवा जाड असू शकतो. या स्नायूशी संबंधित एमवायबीपीसी-३ नावाच्या जनुकात डीएनएची पंचवीस अक्षरं गळालेली असणं हे भारतात शंभरात चौघांच्या आसपास आढळतं, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांसह अनेकांनी २००९ मध्ये ते दाखवून दिलं. असणाऱ्या प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही. अशा घरात मागे राहिलेल्या भावंडांचा ईसीजी आणि टू-डी इको करून घ्यावा.

कॅन्सरचा रकाना

इथे वंशावळ फसवूही शकते. आमच्याच घरात तोंडाच्या कॅन्सरचे तिघे. पाहणाऱ्याला वाटेल, रक्तातच आहे. तंबाखूचा रकाना भरला तर तिघांपुढेही खर्रा. बाप पन्नीत घोटत बसतो, पोरगा शेजारी बसून पाहतो, बारा-तेराव्या वर्षी पहिली चिमूट तोंडात. वारशाने आलेलं सगळंच रक्तातून येत नाही, काही पन्नीतूनही येतं. राज्यात २०१२ ला गुटखा बंद झाला, खर्रा पानठेल्यावर घोटला जातोच. त्यातली नुसती सुपारीदेखील कॅन्सरकारक आहे, हे ‘मी तंबाखू कमी टाकतो’ म्हणणाऱ्यांना सांगा. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील, किंवा पांढरा-लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा फोड असेल, तर वही बाजूला ठेवून थेट दवाखाना. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते, आशाताईला विचारा.

वारशाचा कॅन्सर एकूण कॅन्सरमध्ये शंभरात पाच ते दहा. तो ओळखण्याच्या खुणा वेगळ्या आहेत: पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर, दोन्ही स्तनांत, कोणत्याही वयात अंडाशयाचा, पुरुषाला स्तनाचा, किंवा एकाच बाजूच्या नात्यात दोन-तीन पिढ्या हे दिसत जाणं. मोठं आतडं आणि गर्भाशय अशी जोडी कमी वयात दिसली तर ती लिंच सिंड्रोम या वारशाने येणाऱ्या दोषाची असू शकते.

शाळेत पोषण आहार शिजवणारी एक बाई माझ्याकडे आली, वय ४१. तिच्या स्तनात गाठ निघाली होती. दवाखान्यात तिला विचारलं होतं, आईला, मावशीला असं काही? नाही म्हणाली, आणि ते खरंच होतं. मी बापाची बाजू काढली. एक आत्या ‘पोटात पाणी होऊन’ सत्तेचाळिसाव्या वर्षी गेलेली, बापाची आई ‘छातीची गाठ फुटून’. बाप स्वतः धडधाकट. पुरुषातून हा दोष गपचूप पुढे जातो, आणि आत्या जमिनीच्या वंशावळीत नसते म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. कागद घेऊन ती पुन्हा गेली, तेव्हा कॅन्सरच्या डॉक्टरांनी जनुकांची तपासणी लिहून दिली. बीआरसीए-१ मध्ये दोष निघाला. हा जनुक १९९४ ला सापडला, बीआरसीए-२ त्याच्या पुढच्या वर्षी. बीआरसीए-१ चा दोष असलेल्या बायांपैकी शंभरात साठाहून जास्त जणींना आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होतो, अंडाशयाचा चाळीसेक जणींना.

यात क्रम महत्त्वाचा. आधी आजारी माणसाची तपासणी करायची. तिच्यात दोष नेमका कुठे आहे ते कळलं की बाकीच्यांत फक्त तेवढीच जागा पाहावी लागते, खर्च फार कमी येतो. तिच्या धाकट्या बहिणीत तो निघाला नाही. तिचा धोका इतर बायांइतकाच, तिला वर्षानुवर्षं घाबरून राहायचं कारण उरलं नाही. भाऊ तपासायला तयार नाही. म्हणतो, माणसाला काय छातीचा कॅन्सर होतो? होतो. आणि त्याला दोन मुली आहेत. मी दोनदा जाऊन आलो, तिसऱ्यांदा पोळ्यानंतर जाईन.

नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, मुंबईला टाटा. वर्धा-यवतमाळकडच्यांना सेवाग्राम जवळ. तपासणीच्या आधी समुपदेशन मागा. थुंकी पाठवा आणि भविष्य जाणा असल्या जाहिरातींच्या डब्या घेऊ नका.

तेल, गोळी आणि पुढची तारीख

तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. सावजी रस्सा सणाला, रोज नाही. डालड्यासारख्या तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली आहे, पण पुन्हा पुन्हा तापवलेल्या भज्याच्या तेलाला कोण मोजतं? जवसाची चटणी चांगली, जरूर खा. माझ्यासारख्याचं ट्रायग्लिसराइड वजन, साखर आणि चालणं यांनी उतरतं. एफएचवाल्याचा २१८ चटणीने उतरत नाही, त्याला कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळीच लागते, आठव्या-दहाव्या वर्षापासूनही देतात. जनऔषधी केंद्रात ती स्वस्त मिळते. रिपोर्ट चांगला आला म्हणून बंद करायची नाही; गोळीने आलेला तो आकडा आहे. भावाने चार महिन्यांनी बंद केली होती, परत १९० च्या पुढे गेला, मग माझ्या शिव्या खाल्ल्या. स्नायू फार दुखले तर, किंवा बाईला दिवस राहिले वा मूल हवं असेल तर, डॉक्टरला आधी सांगायचं.

पुतण्याचा दहा आठवड्यांनंतरचा एलडीएल १२१ आला. डॉक्टर म्हणाले, अजून पुरेसा नाही, आणि इझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडली. पुढची तारीख मी वहीत १/२/५/१ पुढे पेन्सिलने लिहून ठेवली आहे. वही सातबाऱ्याच्या पिशवीत असते, देवघराच्या वरच्या खुंटीला. यंदा महालक्ष्म्यांना आत्याने ती स्वतःच काढायला लावली. म्हणाली, “माह्या सासरचं पान कोरंच हाय रे. लिव.”